मज्जारज्जूचे विद्युत्-उद्दीपन : संवेदनांची ओळख आणि रुग्णाची साक्ष

पाठीच्या कण्यावर एकदा, क्वचित दोनदा शस्त्रक्रिया होऊनही कंबरेत उठणारी कळ मांडीच्या मागून पोटरीत उतरायची थांबत नाही, गोळ्यांची मात्रा वाढत जाते आणि झोप मात्र कमी होत जाते, घरची माणसे आधी काळजीने व पुढे थकून विचारपूस करीत राहतात, आणि तपासणीच्या कागदांवर तर सारे काही यथास्थित असल्याचा निर्वाळा मिळतो, अशा अवस्थेत वर्षे काढलेल्या रुग्णांपैकी काहींना चेन्नईच्या मोठ्या इस्पितळांत मज्जारज्जूच्या विद्युत्-उद्दीपनाचा सल्ला दिला जातो. तो ऐकताच बहुतेकांच्या मनात खर्चाच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो : पाठीत करंट सोडणार, तर मला नेमके काय जाणवेल? डॉक्टरांच्या घाईत याला ‘थोड्या मुंग्या येतील’ एवढेच उत्तर मिळते. ते खरे असले तरी फार अपुरे आहे. या उपचारात रुग्णास जे जाणवते त्याच्याच आधारे डॉक्टरला विजेची जागा, जोर आणि वेग ठरवावा लागतो, आणि ते पारखून सांगण्याचे काम रुग्णावाचून दुसऱ्या कोणास करता येत नाही. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना, आणि सोलापूर-कलबुर्गीच्या वाटेने मेलगाडीत बसून उपचारासाठी या शहरी येणाऱ्यांना, ती साक्ष नीट देता यावी एवढ्याच हेतूने पुढील मजकूर लिहिला आहे.

मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेशी या प्रांताचा संबंध जुना आहे. भारतात या शास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग १९४९ साली डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात उघडला. पुढच्याच वर्षी डॉ. बी. राममूर्ती यांनी मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात, म्हणजे सेंट्रल स्टेशनासमोरच्या त्या जुन्या व प्रचंड इस्पितळात, हे काम सुरू केले, आणि डॉ. बालसुब्रमण्यम व डॉ. कल्याणरामन या सहकाऱ्यांसह मेंदूतील नेमक्या बिंदूपर्यंत सुई नेण्याची विद्या येथे रुजविली. त्या काळी असाध्य वेदनेवर जगभर जे उपाय होत त्यांत वेदना वाहून नेणारा मज्जामार्गच छेदून टाकणे हा एक प्रमुख होता. वेदना काही काळ शमे, परंतु छेदलेला मार्ग पुन्हा सांधता येत नसे. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की स्पर्श, दाब, कंप यांचे संदेश वाहणारे जाड तंतू जागृत असले म्हणजे मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना अटकाव होतो. दुखावलेली जागा आपण नकळत हाताने चोळतो आणि थोडे बरे वाटते, त्याची उपपत्ती यात सापडते. या विचाराच्या आधारे १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या वेदनेने पीडलेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर पहिला उद्दीपक बसविला. या पद्धतीत काही तोडले जात नाही, आणि उपयोग न झाल्यास सारे साहित्य काढून घेता येते, ही गोष्ट सल्ला मिळालेल्या प्रत्येकाने पहिल्याने ध्यानात घ्यावी.

साहित्य तरी किती? एक किंवा दोन बारीक तारा, ज्यांना डॉक्टर लीड म्हणतात व ज्यांच्या टोकाकडे बहुधा आठ-आठ धातूचे अग्र ओळीने बसविलेले असतात. आणि त्या तारांना वीज पुरविणारी, पुढे कमरेखाली वा पोटाच्या बाजूस त्वचेखाली ठेवावयाची एक बॅटरी. तार मज्जारज्जूत खुपसली जाते अशी पुष्कळांची समजूत असते व तीमुळे विनाकारण घबराट होते. वस्तुतः मज्जारज्जूभोवती जे आवरण असते त्याच्याही बाहेर, कण्याच्या नळीतील मोकळ्या जागेत, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ही तार सुईतून सरकविली जाते. पायांच्या व कमरेच्या दुखण्यासाठी तिचे टोक बहुधा पाठीच्या आठव्या ते दहाव्या मणक्याच्या उंचीवर असते, म्हणजे दुखण्याच्या जागेपासून बरेच वर. पायाकडून येणारे स्पर्शाचे तंतू तेथे मज्जारज्जूच्या मागील भागात मध्यरेषेलगत एकत्र आलेले असतात, म्हणून पायाच्या दुखण्यासाठी वीज पाठीत द्यावी लागते.

आता मुख्य विषयाकडे वळू. पारंपरिक पद्धतीत सेकंदास साधारण चाळीस ते साठ वेळा विजेचा सूक्ष्म ठोका दिला जातो, आणि त्याचा जोर हळूहळू वाढविला की एका टप्प्यावर रुग्णास प्रथमच काही जाणवू लागते. बहुतेकांना त्या झिणझिण्या वाटतात, मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाला येतात तशा, पण अधिक समान आणि अधिक शांत. कोणास ती बारीक थरथर वाटते, कोणास त्वचेखालून काही सळसळत गेल्यासारखे, कोणास सौम्य दाबासारखे वा उबेसारखे. काहींस ती सुखद वाटते, काहींस केवळ सहन होण्याजोगी, आणि थोड्या काहींस अप्रियच. संवेदनेचा हा स्वभाव माणसागणिक निराळा असतो. एकाच माणसाच्या बाबतीतही विजेच्या ठोक्याची लांबी बदलली की व्याप्ती बदलते आणि वेग बदलला की पोत बदलतो. मंद वेगाला ठोके सुटे सुटे मोजता येतील असे जाणवतात. वेग वाढला की ते एकमेकांत मिसळून एकसंध गुणगुण होते. तेव्हा शेजारच्या खाटेवरील रुग्णास जे वाटले तेच आपल्यालाही वाटले पाहिजे, अशी अपेक्षा धरून बसू नये.

संवेदनेच्या पोतापेक्षाही तिची जागा महत्त्वाची. या पद्धतीत साधावयाचे ते हे की झिणझिण्यांनी दुखऱ्या जागेला पुरते आच्छादावे. पोटरी दुखत असताना त्या फक्त मांडीत आल्या, तर त्या कितीही गोड वाटोत, उपयोग थोडा. तार मध्यरेषेपासून बाजूला सरकलेली असली की मज्जारज्जूऐवजी तेथून निघणारी मुळे उद्दीपित होतात, आणि रुग्णास बरगड्यांभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखे किंवा पोटात ओढ लागल्यासारखे वाटते; क्वचित स्नायू फडफडतो. हे ताबडतोब सांगावे. पायाच्या दुखण्यापेक्षा थेट कमरेतल्या दुखण्यावर झिणझिण्या आणणे डॉक्टरलाही कठीण जाते, कारण कमरेच्या तंतूंच्या आधी शेजारचे तंतूच जागे होतात. म्हणून पाय आणि कंबर दोन्ही दुखत असतील तर दोहोंपैकी अधिक जाचक कोणते, याचा निर्णय रुग्णाने शस्त्रक्रियागृहात जाण्यापूर्वीच करून ठेवावा.

त्या गृहात रुग्णास बहुधा पालथे निजवून, पोटाखाली उशी देऊन, जागा बधिर केली जाते. गुंगीचे औषध दिले तरी प्रश्नाचे उत्तर देता येईल इतपतच देतात. तार सरकत असताना डॉक्टर पुनःपुन्हा विचारतात : कुठे जाणवते? किती? उजवीकडे की डावीकडे? येथे रुग्णाने सौजन्यापोटी किंवा लवकर सुटका व्हावी म्हणून ‘बरोबर आहे’ असे म्हणून टाकले, तर त्या चुकीचे फळ त्याला पुढे दीर्घकाळ भोगावे लागते. भिडस्तपणा हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. त्या टेबलावर मात्र तो बाजूला ठेवावा. आणि चेन्नईत एक अडचण अधिक येते. डॉक्टर इंग्रजीत विचारतात, परिचारिका तमिळमध्ये बोलतात, आणि रुग्णाची वेदना मराठीत असते. ठणका, चमक, चरचर, भगभग, रग, ओढ या साऱ्यांचे अर्थ भिन्न आहेत आणि वैद्यकीय दृष्ट्याही ते भिन्न ठरू शकतात. आग व चरचर ही बहुधा मज्जातंतूंच्या दुखण्याची, तर दाबून दुखणे वा रग लागणे ही स्नायू-सांध्यांच्या दुखण्याची खूण असते, आणि या उपचाराचा उपयोग मुख्यत्वे पहिल्या प्रकारावर होतो. तेव्हा तमिळ किंवा इंग्रजी उत्तम जाणणारा नातेवाईक सल्लामसलतीच्या वेळी सोबत असावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे माणसाच्या आकृतीच्या कागदावर, पुढून व मागून, दुखण्याची जागा एका रंगाने आधीच भरून आणावी आणि झिणझिण्या उमटतील तेथे दुसऱ्या रंगाने भरण्यास सांगावे. दोन रंग एकमेकांवर किती बसतात हे पाहण्यास दुभाष्याची गरज पडत नाही.

तमिळ देशातील मराठी माणसांना अशा नोंदींची परंपरा परकी नाही. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी झाली, त्यांनी धन्वंतरी महाल उभारून नाना वैद्यकपद्धतींचा अभ्यास चालविला होता, आणि त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे चित्रांसह तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झालेली आहेत. रुग्णाची हकीकत कागदावर उतरविणे हे उपचाराचेच अंग आहे, ही दृष्टी त्या दप्तरात स्पष्ट दिसते.

पहिल्या टप्प्यास ट्रायल म्हणतात. तारा आत, बॅटरी मात्र शरीराबाहेर कमरेला बांधलेली, अशा स्थितीत साधारण पाच ते सात दिवस रुग्णाने आपले नित्याचे जीवन जगून पाहावयाचे असते. हे दिवस इस्पितळाच्या खाटेवर पडून काढणे म्हणजे परीक्षेचा मुद्दाच गमावणे होय. मायलापूरच्या घरातून बाजारापर्यंत चालत जावे, स्वयंपाकघरात नेहमीइतका वेळ उभे राहावे, नेहमीच्या खुर्चीत बसावे, रात्री नेहमीच्या कुशीवर निजावे, आणि रोज ठरल्या वेळी एका वहीत लिहावे : वेदना शून्य ते दहा या मापात किती, झिणझिण्या कोठे, किती अंतर चालता आले, झोप किती तास लागली, गोळ्या किती लागल्या. वेदना निम्म्याने तरी कमी व्हावी, हा कायम बॅटरी बसविण्यापूर्वी सर्वसाधारणपणे मानलेला निकष आहे. परंतु आकडा सहावरून तीनवर आला आणि तरीही रुग्ण पूर्वीइतकाच अंथरुणाला खिळून राहिला, तर त्या आकड्यास मी फारशी किंमत देणार नाही. या दिवसांत वाकणे, पीळ देणे, हात डोक्यावर नेऊन जड वस्तू उचलणे वर्ज्य, कारण तार तेथे अजून रुजलेली नसते. दारातला कोलम किंवा रांगोळी दुसऱ्या कोणी काढावी, देवळात साष्टांग नमस्कार न घालता उभ्यानेच हात जोडावे. आणि चेन्नईचा घाम लक्षात ठेवावा : मे महिन्याच्या दमट उकाड्यात पाठीवरची पट्टी सुटते, ओली होते, आणि ओल्या पट्टीखाली जंतूंना वाव मिळतो. स्नान न करता अंग पुसून घ्यावे, पट्टी सुटल्यास घरी चिकटवीत न बसता इस्पितळात जावे, आणि शक्य असल्यास या चाचणीसाठी डिसेंबर-जानेवारीचे दिवस मागून घ्यावे.

घरी आल्यावर रुग्ण ज्या गोष्टीने सर्वांत अधिक गोंधळतो ती म्हणजे शरीराची स्थिती बदलताच संवेदनेचे बदलणे. उभा असताना मंद वाटणाऱ्या झिणझिण्या उताणे पडताच एकदम तीव्र होतात, खोकला वा शिंक आली की क्षणभर उसळतात, आणि मान वा पाठ वाकविली की आणखी निराळ्या होतात. यंत्रात बिघाड झाला असे वाटून रुग्ण घाबरतो. यात बिघाड काहीच नसतो. मज्जारज्जू पातळ द्रवात तरंगत असतो; उताणे निजले की तो मागे, म्हणजे तारेच्या बाजूस, सरकतो, मधला द्रवाचा थर पातळ होतो आणि तीच वीज अधिक जोराने पोचते; उभे राहिले की अंतर पुन्हा वाढते. उपाय सोपा आहे : निजण्यापूर्वी रुग्णाच्या हाती दिलेल्या रिमोटवर जोर कमी करावा, उठल्यावर वाढवावा. स्थिती ओळखून जोर आपोआप बदलणारी यंत्रे आता मिळतात, आणि मज्जारज्जूचा प्रतिसाद क्षणोक्षणी मोजून त्याप्रमाणे वीज देणारीही निघाली आहेत. संवेदना प्रथम जाणवू लागते तो जोर आणि ती असह्य होते तो जोर, या दोन हद्दींमधील जागा पुष्कळदा अरुंद असते. अधिक वीज म्हणजे अधिक आराम असे समजून वरच्या हद्दीला जाऊन बसण्यात काही लाभ नाही.

गेल्या काही वर्षांत झिणझिण्यांशिवाय उद्दीपन करण्याच्या रीती पुढे आल्या आहेत. एका रीतीत सेकंदास दहा हजार ठोके देतात. दुसरीत पाच-पाच ठोक्यांचे झुबके करून थांबत थांबत सोडतात. यांत रुग्णास बहुधा काहीच जाणवत नाही, आणि आराम पडण्यास एक-दोन दिवसही लागू शकतात. ज्यांना झिणझिण्याच नकोशा वाटतात त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे, आणि मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची आग होते त्यांच्या बाबतीत दहा हजार ठोक्यांच्या रीतीस अमेरिकेत २०२१ साली मान्यताही मिळाली. परंतु काही जाणवत नाही म्हणजे यंत्र बंद आहे असा ग्रह करून घेऊन वारंवार रिमोट दाबीत बसू नये. आणि उलट, काही जाणवत नसल्याने खरा परिणाम व मनाची आशा यांतला भेद ओळखणे अधिक कठीण होते, हेही विसरू नये. म्हणूनच या रीतींत वही अधिक काटेकोरपणे ठेवावी.

येथे पुराव्याची बाजू प्रांजळपणे मांडणे मला आवश्यक वाटते. कॅनडात काम केलेले भारतीय वंशाचे शल्यविशारद डॉ. कृष्ण कुमार यांनी इतर सहकाऱ्यांसह २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पाय दुखत राहिलेल्या शंभर रुग्णांची तुलना होती. सहा महिन्यांनी उद्दीपन घेतलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना पायाच्या वेदनेत निम्मा वा अधिक आराम पडला होता, आणि केवळ औषधोपचार घेतलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. फरक मोठा आहे, तरी निम्म्याहून अधिक लोकांस तो आराम लाभला नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे. पुढे २०२२ साली नॉर्वेतील एका अभ्यासात पन्नास रुग्णांना झुबक्यांची रीत आणि वीज बंद ठेवलेले यंत्र असे आलटून-पालटून दिले असता दोहोंत लक्षणीय अंतर आढळले नाही. तज्ज्ञांत यावर वाद आहे व तो चालू राहील. रुग्णाने त्यातून घ्यावयाचे ते इतकेच, की हा उपाय चमत्कार नव्हे. नीट निवडलेल्या रुग्णात, नीट पारखलेल्या चाचणीनंतर, तो पुष्कळ आराम देऊ शकतो.

बॅटरी बसल्यावरच्या आयुष्यातील काही गोष्टी मात्र वादातीत आहेत. फिजिओथेरपीच्या दवाखान्यांतून शेक म्हणून डायथर्मी सर्रास दिली जाते. तारा बसविलेल्या माणसाने ती कधीही घेऊ नये, यंत्र बंद असले तरीही घेऊ नये, कारण तारांच्या टोकांशी उष्णता साठून मज्जासंस्थेस भयंकर इजा होऊ शकते. हा सर्वांत गंभीर इशारा आहे आणि तो घरातल्या प्रत्येकास ठाऊक असावा. दुसऱ्या कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, दाताच्या सुद्धा, आपल्या शरीरात हे यंत्र आहे असे आधी सांगावे. एम.आर.आय. काढता येईल की नाही, आणि कोणत्या अटींवर, हे यंत्राच्या जातीवर अवलंबून असते. त्याची लेखी माहिती मागून घ्यावी. विमानतळावर, मेट्रोच्या प्रवेशद्वारी, त्यागरायनगरच्या साडीच्या दुकानांतील चोरीविरोधी दारांपाशी झिणझिण्या क्षणभर उसळू शकतात. इस्पितळाने दिलेले ओळखपत्र दाखवून हाताने तपासणी करून घ्यावी, आणि दारातून जाणेच भाग पडल्यास आधी यंत्र बंद करून भरभर पार व्हावे. झिणझिण्यांचे उद्दीपन चालू असताना वाहन चालवू नये. अचानक उसळी आली की ब्रेकवरचा पाय हलतो.

संवेदना एकाएकी दुसरीकडे गेली, पायातून निघून बरगडीत आली, तर तार सरकली असण्याचा संभव असतो. ती अजिबात नाहीशी झाली वा मधूनच विजेचा झटका बसू लागला, तर तार तुटली वा जोड सैल झाला असावा. अशा वेळी यंत्र बंद करून डॉक्टरांना कळवावे. पुष्कळदा पुन्हा प्रोग्रॅमिंग केल्याने काम भागते, काही वेळा तार पुन्हा बसवावी लागते. ताप, जखमेभोवती लाली वा स्राव ही संसर्गाची लक्षणे आहेत व ती उद्यावर ढकलू नयेत. आणि पायांत नव्याने दुबळेपणा आला, लघवी वा शौचावरचा ताबा गेला, किंवा पाठीत असह्य कळ येऊन पाय बधिर होऊ लागले, तर एक तासही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कण्याच्या नळीत रक्त साकळले असल्यास प्रत्येक घटका मोलाची असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ती गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी सांगितलीच पाहिजे, ती याच कारणास्तव.

हे यंत्र शरीराची सारी वेदना पुसून टाकीत नाही. पायात काटा रुतला की तो दुखतोच, आणि तसा दुखावाच. खर्च काही लाखांच्या घरात जातो, ट्रायलचा व कायम बॅटरीचा हिशेब निराळा असतो, बॅटरी चार्ज करता येणारी आहे की काही वर्षांनी शस्त्रक्रियेने बदलावी लागणारी, यावर पुढचाही खर्च अवलंबून असतो. विमा कंपनीची पूर्वमंजुरी लेखी घ्यावी. ट्रायलच्या वहीतील पाने डॉक्टरांसमोर उघडून ठेवल्यावाचून कायम बॅटरीच्या संमतिपत्रावर सही करू नका, आणि वेदना व हालचाल या दोहोंत खरा फरक पडल्याचे त्या पानांत दिसत नसेल, तर तारा काढून घ्या आणि नकार द्या.